पेशीपासून पावलापर्यंत : बालपक्षाघाताविरुद्धच्या संशोधनाची कथा

चाळिशी-पन्नाशीच्या पुढील कोणाही ग्रामस्थास एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. गावच्या रस्त्याने एखादी व्यक्ती चाललेली आहे. तिचा एक पाय दुसऱ्याहून बारीक आहे. आणि प्रत्येक पावलागणिक ती किंचित पुढे वाकून, आपला हात त्या पायाच्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबून धरीत आहे. बाजारात, शाळेच्या वाटेवर, देवळाच्या पायऱ्यांवर अशी चाल पूर्वी सर्रास दिसे. आज शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये ती पाहावयास मिळत नाही. आपल्या डोळ्यांदेखत घडलेला हा बदल इतका शांतपणे घडला, की त्यामागे किती देशांतील, किती शास्त्रांतील आणि किती वर्षांचे परिश्रम आहेत, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

बालपक्षाघात अथवा पोलिओ या रोगाविरुद्धचा लढा केवळ लसीने जिंकला, असे म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. या लढ्यात परीक्षानळीत पेशी वाढविणारे शास्त्रज्ञ होते, विषाणूंची जात ओळखणारे होते, माणूस चालतो कसा याचे मोजमाप करणारे होते, आणि सांडपाण्याचे नमुने तपासणारेही होते. यांपैकी अनेकांना आपले काम दुसऱ्याच्या कोणत्या उपयोगी पडेल, याची प्रारंभी कल्पनाही नव्हती. ज्ञानाच्या दूरदूरच्या वाटा एका लहान मुलाच्या पहिल्या पावलापाशी कशा येऊन मिळतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एक पाऊल कसे पडते?

चालणे ही क्रिया आपण इतक्या सहजतेने करतो, की तिच्यातील गुंतागुंत ध्यानात येत नाही. टाच जमिनीस टेकल्यापासून तीच टाच पुन्हा जमिनीस टेकेपर्यंतचा काळ हे चालीचे एक आवर्तन मानले जाते. या आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ पाय जमिनीवर असतो व सुमारे ४० टक्के काळ तो हवेतून पुढे येत असतो. टाच टेकताच शरीराचा भार त्या पायावर येऊ लागतो आणि भाराची रेषा गुडघ्याच्या मागून जात असल्यामुळे गुडघा वाकू पाहतो. त्या क्षणी मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू आखडून गुडघ्यास सावरून धरतो. हे सर्व सेकंदाच्या अल्पशा भागात घडते.

हा स्नायू दुबळा झाला तर गुडघा मोडतो व माणूस पडतो. मग शरीर स्वतःच युक्ती शोधते. हाताने मांडी मागे दाबली, की स्नायूचे काम हात करतो. धड पुढे झुकविले, की भाराची रेषा गुडघ्याच्या पुढे जाते आणि गुडघा ताठ राहतो. मांडीवर हात ठेवून चालणाऱ्या व्यक्तीची ती चाल ही सवय नव्हे. ते यंत्रशास्त्राच्या नियमांस धरून शरीराने काढलेले उत्तर आहे. त्याचप्रमाणे नडगीजवळचा स्नायू निकामी झाला, तर चवडा खाली लोंबतो व जमिनीत अडकू नये म्हणून ती व्यक्ती जणू पायरी चढत असल्याप्रमाणे पाय उंच उचलते.

परंतु स्नायू दुबळा होतो कशामुळे? मूळ दोष स्नायूत नसतो. मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोचविण्याचे काम मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असलेल्या प्रेरक चेतापेशी करतात. एक चेतापेशी आपल्या तंतूच्या अनेक शाखांनी शेकडो स्नायुतंतूंना जोडलेली असते. पोलिओचा विषाणू नेमक्या याच पेशींचा नाश करतो. तार तुटली म्हणजे दिवा शाबूत असूनही विझतो, तसे त्या स्नायुतंतूंचे होते. आज्ञा न मिळाल्याने ते वाळत जातात. स्पर्शाची जाणीव मात्र कायम राहते; कारण ती वाहून नेणाऱ्या चेतापेशी वेगळ्या असतात. पाय लुळा पडलेल्या मुलास काटा टोचला तर तो दुखतो, याचे कारण हेच होय.

चुकलेली वाट

हा रोग फार प्राचीन आहे. इजिप्तमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका कोरीव शिलापट्टावर काठीच्या आधाराने उभा असलेला, एक पाय वाळलेला पुरुष दाखविला आहे, व ते या रोगाचे चित्रण असावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. जर्मन वैद्य याकोब हाइने याने १८४० मध्ये या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. पुढे १९०८ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल लांडश्टायनर व एर्विन पोपर यांनी, जंतू अडवून ठेवणाऱ्या गाळणीतूनही निसटणाऱ्या अतिसूक्ष्म घटकामुळे हा रोग माकडांत उत्पन्न करता येतो, असे सिद्ध केले. कारण सापडले, पण उपायास चार दशकांहून अधिक काळ लागला.

या विलंबामागे एक बोधप्रद चूक आहे. प्रयोगशाळेतील माकडांच्या नाकात विषाणू सोडला, की तो थेट मेंदूकडे जाई. त्यावरून माणसातही रोग नाकावाटे शिरतो व केवळ चेतापेशींतच वाढतो, असा ग्रह दृढ झाला. शिवाय वर्षानुवर्षे एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत नेऊन जोपासलेला विषाणू चेतापेशींखेरीज अन्यत्र वाढण्याची क्षमता गमावून बसला होता. अशाच विषाणूवर १९३६ मध्ये झालेल्या प्रयोगांत तो केवळ चेताऊतींत वाढला व इतर ऊतींत वाढला नाही. चेताऊतीवर लस तयार करणे धोक्याचे होते, कारण तीतून मेंदूस अपाय होण्याची भीती होती. म्हणजे लसीचा मार्गच खुंटला.

प्रत्यक्षात विषाणू तोंडावाटे, दूषित हात, पाणी व अन्न यांतून शरीरात शिरतो आणि प्रथम घसा व आतडी यांत वाढतो. लागण झालेल्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही किंवा किरकोळ ताप येतो. सुमारे २०० लागणींमागे एकास कायमचा पक्षाघात होतो. पक्षाघात झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्ण श्वसनाचे स्नायू थांबल्याने दगावतात. म्हणजे एका पांगळ्या मुलामागे कित्येक न दिसणाऱ्या लागणी असतात. या रोगाचे निर्मूलन इतके कठीण का ठरले, याचे उत्तर या एका प्रमाणात दडलेले आहे.

उरलेल्या नळ्या

१९४८ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील बोस्टन शहरी बालरुग्णालयाच्या एका प्रयोगशाळेत जॉन एंडर्स, थॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स हे तिघे मानवी ऊतींच्या पेशी काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवून त्यांवर विषाणू वाढविण्याचे काम करीत होते. वेलर यांचा प्रयोग मुळात कांजिण्यांच्या विषाणूवर होता. त्या प्रयोगानंतर काही नळ्या शिल्लक राहिल्या. शीतपेटीत पोलिओचा विषाणू होताच. तो या नळ्यांत घालून पाहण्यात आला. कांजिण्यांच्या विषाणूने त्या वेळी दाद दिली नाही. पोलिओचा विषाणू मात्र वाढला. तोही चेतापेशींत नव्हे, तर त्वचा, स्नायू व आतडी यांच्या पेशींत!

या यशात नव्याने उपलब्ध झालेल्या पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन या औषधांचाही वाटा होता. पूर्वी नळ्यांत जंतू शिरून पेशी नासत. आता त्या आठवडेच्या आठवडे टिकू लागल्या. जानेवारी १९४९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यासाठी १९५४ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. पूर्वी ज्या चाचणीसाठी माकडे लागत, तीच चाचणी आता नळीत होऊ लागली. विषाणू वाढला म्हणजे पेशी मरतात व ते सूक्ष्मदर्शकातून दिसते, एवढी साधी खूण त्यास पुरे होती.

याच सुमारास विषाणूचे एकूण तीन प्रकार असल्याचे निश्चित झाले. प्रत्येकाविरुद्ध स्वतंत्र संरक्षण हवे, हे यावरून कळले. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन व डेव्हिड बोडियन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की पक्षाघात होण्यापूर्वी विषाणू काही काळ रक्तात असतो. म्हणजे रक्तात प्रतिपिंडे असतील, तर विषाणूस मज्जारज्जूपर्यंत पोचण्यापूर्वीच अडविता येईल. लसीचा पाया असा घातला गेला.

दोन लसी आणि त्यांचे मोल

अमेरिकेत १९५२ या एका वर्षात पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले. अशा काळात जोनास साल्क यांनी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवून तो फॉर्मॅलिनने मृत केला व त्याची टोचण्याची लस तयार केली. १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांवर तिची चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती सुरक्षित व प्रभावी असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर काही दिवसांतच एका उत्पादकाच्या लसीत जिवंत विषाणू राहिल्याने अनेक मुलांना पक्षाघात झाला. लसीच्या निर्मितीवर शासनाची कडक देखरेख हवी, हा धडा जगाने या दुर्घटनेतून घेतला.

दुसरी लस आल्बर्ट सेबिन यांची. आतड्यात वाढेल परंतु चेतापेशींस अपाय करणार नाही, असा सौम्य केलेला जिवंत विषाणू त्यांनी निवडून काढला. ही लस तोंडावाटे देता येत असल्याने सुई नको, प्रशिक्षित हात नको; दोन थेंब पुरेत. शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९५९ च्या सुमारास, सोव्हिएत संघात मिखाईल चुमाकोव्ह यांच्या सहकार्याने ती कोट्यवधी लोकांना देण्यात आली. दोन वैरी राष्ट्रांच्या वैज्ञानिकांनी मुलांच्या पायांसाठी हातात हात घातले, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या यशाच्या हिशेबात काही ऋणे मात्र नोंदवावयास हवीत. लसीच्या संशोधनासाठी व उत्पादनासाठी लागणारी माकडे मोठ्या संख्येने भारतातून परदेशी पाठविली गेली. त्यांच्या हालअपेष्टांबद्दल येथे तीव्र नाराजी व्यक्त झाली व १९७८ पासून ही निर्यात पूर्णपणे बंद झाली. दुसरे ऋण एका स्त्रीचे आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. ‘हेला’ या नावाने त्या ओळखल्या जातात. साल्क लसीच्या चाचणीत मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासण्यासाठी या पेशींचा मोठा उपयोग झाला. परंतु त्या घेताना तिची संमती विचारली गेली नव्हती आणि तिच्या कुटुंबास कित्येक वर्षे याची वार्ताही नव्हती. विज्ञानाने माणसाचे भले करावे, पण ते माणसास विचारून करावे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. त्यामागे अशा अनुभवांची शिकवण आहे.

श्वास आणि हालचाल

लस भावी पिढीसाठी असते. जे मूल आज अंथरुणाला खिळले आहे त्याचे काय? या प्रश्नाने संशोधनाची दुसरी वाट खुली केली.

१९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात साथ पसरली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांची रांग लागली. कृत्रिम श्वसनाची यंत्रे मात्र अगदीच तुटपुंजी होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन तीत नळी बसविली व रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असलेल्या अतिदक्षता विभागाचा उगम या खोल्यांत आहे.

लुळ्या पडलेल्या अवयवांच्या बाबतीतही जुने मत बदलले. पूर्वी अशा हातापायांस फळ्या व प्लास्टर बांधून निश्चल ठेवीत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी गरम लोकरी पट्ट्यांचा शेक व लवकर सुरू केलेली हालचाल यांचा पुरस्कार केला. त्यांची उपपत्ती वैद्यांना मान्य झाली नाही. परंतु त्यांची पद्धत १९४० नंतर अमेरिकेत सर्वत्र पसरली व शरीरोपचारशास्त्रास तिने चालना दिली.

चालण्याचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांत कॅलिफोर्नियातील डॉ. जॅक्लिन पेरी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी प्रथम शरीरोपचार व नंतर अस्थिशल्यचिकित्सा यांचे शिक्षण घेतले व पोलिओच्या रुग्णांवर दीर्घकाळ उपचार केले. कोणता स्नायू पावलाच्या कोणत्या क्षणी काम करतो, हे त्यांनी अतिसूक्ष्म तारांद्वारे स्नायूंतील विद्युत्स्पंद टिपून दाखविले. शल्यचिकित्सकास याचा थेट उपयोग होतो. धडधाकट स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडून दुबळ्या स्नायूचे काम त्याच्याकडून करवून घ्यावयाचे असेल, तर तो स्नायू पावलाच्या नेमक्या त्या क्षणी कामास येतो की नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. कॅलिपर बसवितानाही हेच ज्ञान कामी येते. कॅलिपरची सळई गुडघ्यास चालताना ताठ ठेवते. आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या समाजात गुडघ्याशी उघडझाप करणारी कडी नसेल, तर तो कॅलिपर लवकरच कोपऱ्यात पडतो. आज मेंदूच्या विकारामुळे अथवा अपघातामुळे चाल बिघडलेल्या रुग्णांसाठीही हेच शास्त्र वापरले जाते.

हालचालीच्या अभ्यासातून एक सावधगिरीही कळली. रोगाच्या आरंभीच्या दिवसांत जे रुग्ण कष्टाचे काम करीत राहिले, त्यांना अधिक तीव्र पक्षाघात झाल्याचे १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये दिसून आले. तसेच लागण झालेल्या मुलास त्या काळात स्नायूत इंजेक्शन दिले, तर बहुधा त्याच हातात वा पायात लुळेपणा येतो, हेही पुढे सिद्ध झाले. तापलेल्या मुलास इंजेक्शन दिल्याखेरीज समाधान न मानण्याची आपल्याकडील प्रथा किती मुलांना भोवली असेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

भारताचा प्रश्न निराळा

थंड व संपन्न देशांत तोंडावाटे दिलेले तीन डोस जवळजवळ सर्व मुलांस पुरत. भारतात तसे घडत नाही, हे तमिळनाडूतील वेल्लूर येथे डॉ. टी. जेकब जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. येथील मुलांच्या आतड्यांत इतर विषाणूंची वस्ती असते, जुलाब वारंवार होतात, आणि लसीतील विषाणूस तेथे जम बसविता येत नाही. याचा अर्थ लस निरुपयोगी आहे असा नव्हे. तर ती अधिक वेळा व सर्वांना एकाच वेळी द्यावयास हवी, असा होतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेमागे हाच विचार होता. पाच वर्षांखालील सुमारे १७ कोटी बालकांना ठरावीक दिवशी एकाच वेळी डोस दिला, की विषाणूस वाढण्यास जागाच उरत नाही. आपल्या मुलास पूर्वी डोस दिलेले असताना पुन्हा का, असा प्रश्न पालक विचारीत. त्याचे शास्त्रीय उत्तर वेल्लूरच्या निरीक्षणांत होते.

शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्य कर्मचारी व स्वयंसेवक यांनी बर्फाच्या पेट्या खांद्यावर घेऊन ही मोहीम तडीस नेली. लसीच्या कुपीवरील छोटा चौकोन उष्णतेने गडद होत जातो, ही युक्ती १९९६ पासून प्रचारात आली. आतील चौकोन बाहेरील वर्तुळाइतका गडद झाला, की ती कुपी वापरावयाची नाही. रसायनशास्त्राची ही चिमुकली देणगी दूरच्या पाड्यावरील सेविकेस तज्ज्ञाइतके सामर्थ्य देऊन गेली.

तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण आढळले. पुढील वर्षी एकाच वेळी दोन प्रकारांविरुद्ध परिणामकारक असलेली लस वापरात आली. २०१० मध्ये रुग्णसंख्या ४२ वर आली, आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेली बालिका ही नैसर्गिक विषाणूची देशातील अखेरची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

मुंबईतील नळ्या

रोग दिसेनासा झाला म्हणजे विषाणू गेला असे नव्हे, कारण दोनशेंपैकी एकशे नव्व्याण्णव लागणी दिसतच नाहीत. यास्तव पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडल्यास, कारण कोणतेही असो, त्याची नोंद केली जाते. चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठविले जातात. अशा प्रयोगशाळांत मुंबईच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्राचे स्थान मोठे राहिले असून शहरातील सांडपाण्यात हा विषाणू शोधण्याचे काम मुंबईत २००१ पासून सुरू झाले.

येथे पुन्हा पेशीविज्ञानाची गाठ पडते. उंदरास पोलिओ सहजी होत नाही. असे का, हा निव्वळ जिज्ञासेचा प्रश्न होता. १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे उत्तर शोधले. मानवी पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असते. विषाणू त्यास किल्ली कुलपास बसावी तसा बसतो व आत शिरतो. उंदराच्या पेशीवर हे कुलूप नसते. मग या प्रथिनाचे जनुक उंदराच्या पेशींत घालण्यात आले. अशा पेशींत पोलिओचा विषाणू वाढतो, परंतु शौचातील इतर बहुतेक विषाणू वाढत नाहीत. म्हणजे हजारो दाण्यांतून नेमका खडा अडकविणारी चाळणीच हाती आली! कोणा खेड्यातून आलेला नमुना तपासताना आज याच पेशी वापरल्या जातात. १९८९ च्या त्या जिज्ञासेचे फळ असे गावाच्या वेशीपर्यंत आले आहे.

काम अद्याप संपलेले नाही

विषाणूचा दुसरा नैसर्गिक प्रकार २०१५ मध्ये व तिसरा २०१९ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पहिला प्रकार पाकिस्तान व अफगाणिस्तानात तग धरून आहे. शिवाय जेथे लसीकरण अपुरे राहते, तेथे तोंडावाटे दिलेल्या लसीतील सौम्य विषाणू मुलामुलांतून दीर्घकाळ फिरत राहिल्यास पुन्हा उग्र बनू शकतो. विषाणूच्या जनुकीय लिपीतील मोजक्या अक्षरांवर त्याचा सौम्यपणा अवलंबून असल्याचे १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखविले होते. त्याच ज्ञानाच्या आधारे ती अक्षरे सहजी पालटू नयेत अशी नवी लस सिद्ध झाली व २०२० मध्ये तिला तातडीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्क शहराजवळ लस न घेतलेल्या एका तरुणास अशाच विषाणूमुळे पक्षाघात झाला. संपन्न देशही निर्धास्त राहू शकत नाही, हा त्याचा अर्थ होय. आपल्याकडे नियमित लसीकरणात तोंडावाटे द्यावयाच्या डोसाबरोबर २०१५ च्या अखेरीपासून टोचण्याची लसही देण्यात येते. रोग दिसत नाही म्हणून बाळाचा एखादा डोस चुकविणे म्हणजे कुंपण पुरे होण्याआधीच राखण सोडणे होय.

आणखी एका वर्गाकडे समाजाने लक्ष द्यावयास हवे. लहानपणी पोलिओ होऊन बऱ्यापैकी सावरलेल्या काही व्यक्तींना पंधरा ते चाळीस वर्षांनंतर पुन्हा थकवा, वेदना व नवा अशक्तपणा जाणवू लागतो. नष्ट झालेल्या चेतापेशींचे काम शेजारच्या पेशींनी नव्या शाखा काढून अंगावर घेतलेले असते. दशकानुदशके वाढीव भार वाहून त्याही अखेर थकतात. हा आळस नव्हे, मनाचा खेळही नव्हे. अशा व्यक्तीस अधिक श्रम करण्याचा आग्रह न करता विश्रांती, योग्य आधार व वैद्यकीय सल्ला मिळावा, आणि कार्यालयांत व शाळांत तिच्यासाठी उताराची वाट व कठडा असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यांच्या पिढीस लस वेळेवर मिळाली नाही. निदान समजूतदारपणा तरी वेळेवर मिळावा.

बोस्टनमध्ये शिल्लक राहिलेल्या नळ्या, कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचे हात, कॅलिफोर्नियातील स्नायूंच्या नोंदी, वेल्लूरची निरीक्षणे आणि मुंबईतील सांडपाण्याचे नमुने यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. अंगणात धावणारे मूल हे त्याचे उत्तर आहे. ते धावते राहावे म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास थोडेसेच काम आले आहे. पालकांनी बाळाचे सर्व डोस वेळेवर पूर्ण करावेत. शिक्षकाने अथवा ग्रामस्थाने एकाएकी लुळ्या पडलेल्या हातापायाची वार्ता त्याच दिवशी आरोग्य केंद्रास द्यावी. आणि अधिकाऱ्यांनी पाठवावयाचा नमुना वाटेत उन्हात पडणार नाही, याची दक्षता घ्यावी.